कोकरू कोण?

"पप्पा, मोरिया डोंगराचं सांगून झालं तुमचं," स्मिता म्हणाली. "आता आपल्या घरचं सांगा. कोकरू कोन हाय?"

मधुकररावांचा घास हातातच राहिला. विजयाबाई कढीचं पातेलं घेऊन वाढत होत्या, त्यांनी थोरल्या सुनेकडे बघितलं. स्मिता मोठ्याने बोलणारी नव्हती. आजही ती मोठ्याने बोलली नव्हती, पण तिची मान वर होती आणि ती सासऱ्याच्या डोळ्यांत बघत होती.

रविवारची उपासना आटोपून सगळे सौंसरच्या घरी जेवायला जमले होते. पाळकसाहेब बाहेरगावी गेलेले, म्हणून उपदेश मधुकररावांनी केला होता. निवृत्त हेडमास्तर माणूस, आवाज अजून खणखणीत. देवाच्या आज्ञेवरून मुलाचाच बळी द्यायला अब्राहाम त्याला घेऊन डोंगर चढतो. पोरगा विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, अर्पणाचं कोकरू कुठं आहे? बाप म्हणतो, ते देव बघून देईल. आणि ऐन वेळी झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो. हे ऐकताना मंडळीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. ते कोणाबद्दल बोलत होते हे सगळ्यांना कळत होतं.

त्यांचा थोरला, अनिल, आतल्या खोलीत पडून होता. मोहगावच्या शाळेत गणित शिकवणारा, अजून चाळिशीही न गाठलेला. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर हप्त्याला नागपूरला डायलिसिस चालू होतं, आणि आता शरीर तेही सोसेनासं झालं होतं. घरातलं कोणी किडनी देणार असेल तर वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. स्मिताचा रक्तगट जुळत नव्हता. मधुकररावांना शुगर. राहिले धाकटा हेमराज आणि सगळ्यांत लहान तृप्ती. बोलणं इथवर येऊन दर वेळी अडायचं. मग मधुकरराव म्हणायचे, प्रार्थना करू, आणि सगळे माना खाली घालायचे.

"तो पुरवीन, बेटा," मधुकरराव आता म्हणाले. "आजवर त्यानं या घराले कधी सोडलं नाही."

"तो पुरवीन हे मीबी मानते. पन एडका सोडवून आनाले अब्राहाम उठला होता ना, पप्पा. आपन तं बसून राहिलो."

"मी देते म्हनून राहिली ना," तृप्ती मध्येच म्हणाली. "कितीदा सांगू?"

"तुयं लगन ठरलं हाय," मधुकरराव म्हणाले.

"अमरावतीले फोन केला मी. त्यायले सांगून टाकलं. ते म्हनले, विचार करतो. करू द्या विचार."

मधुकररावांनी ताट बाजूला सारलं. लग्न तोंडावर आलेल्या पोरीनं घरात न विचारता असा फोन करावा, हे त्यांना पटलं नव्हतं. स्मिता मात्र तृप्तीकडे बघत होती. त्या बघण्यात आशा होती, आणि लगेच त्या आशेची लाजही होती. तिनं नजर वळवून दिराकडे नेली.

"भाऊजी, तुमी काहीच बोलत नाही."

"मी कुठं नाही म्हनलं?" हेमराज पुटपुटला.

"त्यायनं नाही म्हनलं नाही, अन् हो बी म्हनलं नाही," त्याची बायको अश्विनी म्हणाली. "म्हनून मीच बोलते. हे रात्रंदिवस गाडी चालोतात. पांढुर्ण्यातून संत्र्याचे क्रेट भरतात, नागपुरात उतरवतात. लेकरं लहान हायेत. उद्या यायले काही झालं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? दादांसाठी माया जीव तुटते, पन मले हे कोनी विचारलंच नाही."

"हा विश्वासाचा प्रश्न हाय, अश्विनी," मधुकरराव म्हणाले. "तुले ते इतक्यात समजनार नाही."

अश्विनी सावरगावच्या शेतकरी घरातली. हेमराजनं तिच्याशी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांत वर्षभर अबोला होता. ती गणपती बसवते, नाताळात करंज्या तळते, आणि उपासनेला नवऱ्याच्या शेजारी मुकाट बसते. तिच्या विश्वासाचा विषय या घरात कोणी काढत नव्हतं. आज तो निघाला होता. तिचा चेहरा उतरला, पण ती उठून गेली नाही.

"पोट समजते मले, पप्पा," ती म्हणाली. "लेकराचं बी, नवऱ्याचं बी."

तेवढ्यात आतलं दार करकरलं. अनिल चौकटीला धरून उभा होता. चेहरा सुजलेला, पायांवरही सूज, आणि शर्ट अंगावर लटकलेला.

"कोनीच देऊ नका," तो म्हणाला. "तुमच्यात भांडन लावून मले जगाचं नाही."

स्मिता धावली. हेमराज ताटावरून उठून सरळ बाहेर गेला आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तृप्ती बापाकडे पाठ करून बसली. विजयाबाई कढीचं पातेलं हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या बोलण्यात प्रत्येकानं प्रत्येकाकडे बघितलं होतं, फक्त त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. साठीच्या वरच्यांची किडनी घेत नाहीत, असं सुरुवातीलाच कोणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते आता कोणाला आठवलंही नसतं. त्यावर कोणी पुढे विचारलं नाही. त्यांनी स्वतःही नाही.

दुपारी अश्विनी मोरीवर भांडी घासत होती. एरवी ती नवऱ्यामागे निघून गेली असती. आज गाडीच नव्हती. विजयाबाई पाटावर बसल्या आणि घासलेली भांडी पुसायला घेतली.

"उद्या मायासंग नागपूरले येतं का?" त्यांनी विचारलं.

"काहून?"

"मले जांच कराची हाय. किडनीची."

अश्विनीचा हात थांबला. "मम्मी, तुमी साठीच्या वर हा."

"सारा नव्वदीची होती तवा तिले लेकरू झालं. मले तं फक्त एक किडनी द्याची हाय."

"सारा कोन?"

"अब्राहामाची बायको. त्या पोराची माय. तुया सासऱ्याच्या उपदेशात तिचं नावच नव्हतं." विजयाबाईंनी ताट पुसून भिंतीला टेकवलं. "शास्त्रातबी त्या गोष्टीत तिचं नाव नाही. भल्या पहाटे बाप पोराले घेऊन निघून गेला. तिले सांगतलं का नाही, कोनाले माहीत."

अश्विनी नळ बंद करत म्हणाली, "मी असती तं मागंमागं पळत गेली असती."

"म्हनून तं तुले विचारून राहिली. स्मिताले सांगतलं तं ती आस लावून बसन, अन् मंग मी नाही जमली तं तिचं काय होईन? तृप्ती तं मले जाऊच देनार नाही. तू नवऱ्यासाठी भरल्या घरात बोलली. तुयात तेवढी हिंमत हाय."

घरात डोळ्यांच्या तपासणीचं सांगितलं. मोतीबिंदूसाठी फेऱ्या होतातच, म्हणून कोणी खोलात गेलं नाही. सकाळच्या बसला दोघी खिडकीशी बसल्या. बोरगाव मागे पडल्यावर अश्विनीनं विचारलं, "मी वाईट हावो का, मम्मी?"

"मी म्हनलं का?"

"पप्पा म्हनले."

"त्यायनं तसं बोलाले नको होतं. मी तवाच बोलाले पायजे होतं, तं मी कढी वाढत राहिली."

अश्विनी हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लहानपनापासून गोटमारीच्या दिवशी दोन गावं नदीवरून एकमेकायले गोटे मारत, तवा आमच्या वसरीत फुटलेले डोके पायले मी. आई हळद घेऊन बसे. रक्ताचं भेव नाही मले. पन एकदा काकाले तसं उचलून आनलं, अन् ते उठलेच नाही. काकू तवा मायाएवढी होती. हेमराज उठून ऑपरेशनले आत जाईन अन् बाहेर येनार नाही, असं रोज दिसते मले."

विजयाबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी या सुनेचा हात असा धरला नव्हता.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला मोकळी. वयाचं ऐकून तिनं नाही म्हटलं नाही. वय बघतो, पण वयाआधी किडनी बघतो, असं म्हणाली. मग रक्त, लघवी, हृदयाची तपासणी, फोटो, पुन्हा रक्त, असं चालू झालं. अनिलच्या रक्ताशी जुळवून बघणंही झालं. पावसाळा उतरेपर्यंत सासू-सुनेच्या फेऱ्या होत राहिल्या. घरी येताना विजयाबाई डोळ्यांना काळा चष्मा लावायच्या आणि अश्विनी तोंड फिरवून हसायची.

शेवटच्या फेरीत डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं.

"आई, तुमची किडनी देता येईल. पण स्पष्ट सांगते. तुमच्या वयात ऑपरेशनचा धोका तरुणापेक्षा जास्त. आणि ही किडनी तरुण माणसाच्या किडनीइतकी वर्षं चालेलच, असं मी म्हणणार नाही."

"जितकी चालन तितकी चालन," विजयाबाई म्हणाल्या. "रानात देवाच्या लोकायसाठी आभायातून खायाचा मान्ना पडे ना, तो रोजच्या रोजच पडे. उद्यासाठी साठवला का नासे. तरी लोक उपाशी नाही मेले."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी अश्विनीकडे बघितलं.

"त्या हो म्हनून राहिल्या," अश्विनी म्हणाली.

त्या संध्याकाळी विजयाबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. स्वयंपाक तृप्तीवर सोपवला आणि स्वतः बैठकीत, मधुकररावांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. कोणाला बोलायला जागा न ठेवता त्यांनी सगळं सांगितलं. सगळ्यात आधी स्मिता रडली. ती खाली बसली आणि सासूच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडत राहिली. तृप्ती रागावली.

"मायी पाळी होती, मम्मी. मी सगळ्यायशी भांडली, अन् तू मागच्या दारानं जाऊन आली."

"तुयी पाळी येईन," विजयाबाई म्हणाल्या. "तुयी बी, हेमराजची बी. ही किडनी कधी ना कधी थकन. तवा दुसरी लागन. जवान किडन्या राखून ठेवाच्या का आताच खर्च कराच्या? जुनी आधी वापरू."

हेमराज दाराशी उभा होता. "मी देनार होतो, मम्मी. मनातून तयार झालो होतो. बोलता येत नव्हतं."

"मले माहीत हाय. तुयी बायको तुयासाठी बोलली, हे चांगलं झालं. त्याच्यानं माये कान उघडले."

"अन् मी?" आतून अनिलचा आवाज आला. तो पलंगावर उठून बसला होता. "मले कोनी विचारन का? मायचं अंग चिरून मी जगू? मी नाही म्हनतो."

विजयाबाई उठून आत गेल्या. दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"तू झाला तवाबी चिरलंच होतं मले. तवा तू नाही म्हनला का?"

"मम्मी, मस्करी नको करू."

"मी मस्करी नाही करून राहिली. तू मरून गेल्यावर मी या किडनीचं काय करू, ते सांग. वर्गात पोट्ट्यायले विचारतं ना तसं विचारते. उत्तर दे."

अनिल बराच वेळ आईच्या हातावर कपाळ टेकून बसला.

विजयाबाई बाहेर आल्या तेव्हा मधुकरराव बैठकीत नव्हते. ते मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली उभे होते. दिवस बुडत होता. त्या जवळ गेल्या तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

"मी नाही म्हनतो," ते म्हणाले.

"तुमी हो म्हना का नाही म्हना, मी जानार हावो."

"या वयात, विजया?"

"डॉक्टरीन हो म्हनते."

"मी रोज मागतलं त्याच्यापाशी. गुडघे टेकून मागतलं. पुरव म्हनलं." त्यांचा आवाज फाटला. "तू नव्हती मागतली मी."

विजयाबाईंना हे ऐकून एकदम भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं आपलं भय असं उघडं कधी केलं नव्हतं. तरी त्या डगमगल्या नाहीत.

"अब्राहामानं तरी कुठं सांगतलं होतं, कोनता एडका पायजे ते," त्या म्हणाल्या. "तो जे देईन ते घ्या लागते. तुमी मंडळीले सांगता, देव विश्वासू हाय. मलेबी तेच वाटते. पन विश्वासू हाय मतलब आपल्याले लागनार नाही, असं थोडीच हाय. मले लागन. टाके पडतीन. तुमी जवळ पायजे, नाही म्हनाले नाही."

"तुले काही झालं तं?"

"तं रविवारी जे सांगता ते स्वताले सांगा लागन."

मधुकररावांनी झाडाच्या खोडावर हात टेकवला.

"मले भेव लागते, विजया."

"मलेबी लागते. चला, तृप्तीनं पोया जाळल्या असतीन."

जेवणं झाल्यावर मधुकरराव स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले. अश्विनी ओटा पुसत होती. ते दारात थांबले. हेडमास्तरांना माफी मागायची सवय नव्हती. म्हणाले, "बेटा, दवाखान्यात तिच्यापाशी तू राहशीन का? ती दुसऱ्या कोनाचं आयकत नाही."

अश्विनीनं फडकं पिळून दोरीवर टाकलं. "राहीन ना, पप्पा. मायंबी आयकत नाही, पन राहीन."

दवाखान्याच्या समितीपुढे सगळ्यांची वेगवेगळी विचारपूस झाली. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का, असं समितीतल्या साहेबांनी विचारलं तेव्हा विजयाबाई म्हणाल्या, "जबरदस्ती मीच करून राहिली, साहेब. घरच्यायवर." साहेब हसले नाहीत, पण त्यांनी सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी दोन स्ट्रेचर एकामागे एक निघाली. मधुकररावांनी प्रार्थनेसाठी हात जोडले आणि त्यांना शब्दच फुटेना. मंडळीत तासभर बोलणारा माणूस नुसता ओठ हलवत उभा राहिला. मग स्मितानं सुरू केलं. तिचंही मध्येच अडलं तसं तृप्तीनं पुढे नेलं. हेमराजनं "आमेन" म्हटलं. अश्विनी विजयाबाईंच्या उशाशी होती. तिनं आपल्या पद्धतीनं डोळे मिटून हात जोडले, आणि कोणी तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं नाही.

विजयाबाई शुद्धीवर आल्या तेव्हा कूस जळत होती आणि तोंडाला कोरड होती. समोर अश्विनीचा चेहरा होता, आधी धूसर, मग स्पष्ट.

"त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"टेबलावरच किडनी चालू होऊन लघवी सुरू झाली म्हनते, मम्मी. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगून गेल्या. पिशवी भरली, दुसरी लावली." अश्विनी हसत होती आणि रडत होती. "पप्पा सगळ्या मंडळीले फोन करून राहिले. पन त्यायले तो शब्द बोलाची लाज वाटते. 'काम सुरू झालं, काम सुरू झालं' म्हनतात. लोकायले वाटते घराचं काम."

विजयाबाईंना हसू आलं आणि टाक्यांतून कळ निघाली. त्यांनी दात आवळले. कळ ओसरल्यावर त्यांनी मनातच देवाचे उपकार मानले. तू होतास. मला ठाऊक होतं, तरी भीती वाटली होती. पण तू होतास.

वाट सोपी नव्हती. मधे अनिलला ताप आला, एक दिवस किडनी रुसली, डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि औषधं बदलली. त्या दिवशी मधुकरराव खुर्चीवरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत. स्मितानं त्यांना बळंच चहा पाजला. पण ताप उतरला. विजयाबाई अश्विनीच्या खांद्याचा आधार घेऊन चालायला लागल्या. आधी पलंगाभोवती, मग दारापर्यंत. एका सकाळी त्यांनी ऐकलंच नाही, आणि तशाच हळूहळू पावलं टाकत अनिलच्या खोलीपर्यंत गेल्या. आत जायची मनाई होती. मध्ये काच होती. नर्सनं आतल्या बाजूला फोन अनिलच्या कानाशी धरला आणि बाहेरचा विजयाबाईंनी उचलला.

अनिलच्या तोंडावरची सूज उतरली होती. गालांची हाडं दिसत होती. शाळेत असतानाचा पोरगा त्यांना त्यात ओळखू आला.

"दुखते का, मम्मी?"

"दुखते."

"लय?"

"दुखू दे. तू काय करून राहिला ते सांग."

"ही बाई मले पानी पी, पानी पी म्हनून राहिली," तो नर्सकडे बघून म्हणाला. "मायाच्यानं पिनं होत नाही. भेव वाटते."

किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, म्हणून आजारी पडल्यापासून त्याला पाणी चमच्यानं मिळत होतं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा चघळून ओठ ओले करायचा, आणि पेला भरून पाणी पिणाऱ्या माणसाकडे बघायचं टाळायचा. आता किडनीला पाणी हवं होतं, आणि भरलेला पेला टेबलावर तसाच पडून होता.

"अनिल," विजयाबाई म्हणाल्या, "ती किडनी मायी हाय. मले सकाळी उठल्याबरोबर पानी लागते, तुले माहीत हाय. तिले तरासू नको. पी."

अनिलनं पेला उचलला. आधी एक घोट घेतला आणि थांबला. मग डोळे मिटून, मान मागे टाकून, पेला रिकामा होईपर्यंत पीत राहिला. विजयाबाईंच्या मागे मधुकरराव कधी येऊन उभे राहिले होते त्यांना कळलं नाही. काचेपलीकडे अनिलनं रिकामा पेला नर्सपुढे धरला.

"अजून दे," तो म्हणाला.